दोन बोटं क्लचवर

९ जानेवारी

दादा,

यासोबत एक फॉर्म आहे. त्यावर दोन जागी मी पेन्सिलीने बारीक फुली मारली आहे. तिथे सही कर आणि सोबतच्या पाकिटात घालून परत पाठव. पाकिटावर घरचा पत्ता लिहून तिकीटही लावलं आहे. तुला फक्त सही करून ते पेटीत टाकायचं आहे. पत्र लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

तुझा पत्ता पंक्चरवाल्याकडून घेतला. तो देतच नव्हता. "आधी त्याला विचारतो" म्हणाला, तेव्हा मी त्याच्या दुकानात दीड तास स्टुलावर ठाण मांडून बसले. शेवटी वैतागून त्याने दिला आणि वर म्हणाला, "मी दिला असं सांगू नकोस." तेव्हा असं समज की त्याने दिला नाही.

फॉर्म तुझ्या उंच मोटरसायकलचा आहे. तू गेल्यापासून ती मीच चालवते, पण कागद अजून तुझ्या नावावर आहेत, हे चार वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता ती बदलायची आहे. बाजारातल्या चष्मेवाल्याकडे एक क्रूझर आहे, आठ वर्षं जुनी. बुटकी, लांबलचक, पाय पुढे टाकून ऐसपैस बसायची. त्याच्या मुलाला जंगलखात्यात नोकरी लागली, म्हणून त्यांना उंच गाडी हवी आहे. त्यांची आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. नुसती अदलाबदल, वर देणंघेणं काही नाही.

तुला हसू येईल. बाबा असल्या गाड्यांना काय म्हणायचे, आठवतं ना? 'आरामखुर्चीला चाकं.' आता तीच आरामखुर्ची आपल्या दारात येणार.

बाबा बरे आहेत. आईही बरी आहे. उंच गाडी हल्ली जरा गैरसोयीची होते, इतकंच कारण.

सही जुनीच कर, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. कागदांवरच्या सहीशी जुळायला हवी.


१६ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं. ते खरं नाही.

जुलैमध्ये बाबा गॅरेजमध्ये सांडलेल्या ऑइलवरून घसरले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. गॅरेज तेव्हापासून बंदच आहे. आत सळई घातली आहे. काठी घेऊन चालतात, पण पाय वर उचलला जात नाही. हात टेकून, दात-ओठ खाऊन जास्तीत जास्त दोन विटांइतका वर येतो. आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागतं. तिथल्या बाई स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, "पुढच्या सहा महिन्यांत जेवढा सुटेल तेवढा पाय तुमचा. नंतर मी काही करू शकणार नाही." त्यातला दीड महिना उलटला, आणि निम्म्या वेळा आमचं जाणं चुकतं, कारण बाबांना तुझ्या गाडीवर बसताच येत नाही.

आम्ही स्टूल लावून पाहिलं. आई मागून ढकलते, मी गाडी धरून उभी राहते आणि बाबा मध्ये लटकलेले. "पोतं ट्रकात टाकतात तसं टाका एकदाचं," म्हणतात. समोरचे शिंपीकाका एकदा मदतीला धावले, तर बाबा स्टुलावरून उतरले आणि आत जाऊन बसले. त्या दिवशीही चुकलं.

भाड्याच्या गाडीने एकदाच गेले. मग आईला म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांच्या बंद गाड्या चालू केल्या. आता मला पार्सलसारखं पोचवणार?" बसची पायरी तर चार विटांइतकी आहे.

तू म्हणशील, मग बदल की गाडी, त्यात एवढं काय. पण माझ्या नोकरीचं तुला माहीत नसेल. मी पाणी तपासते. डोंगरातल्या सात वस्त्यांवर जाऊन विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायचं. पाणी वाईट निघालं तर परत जाऊन विहिरीच्या कठड्याला लाल पट्टा मारायचा. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मला वाटलं होतं, शिकलेल्या माणसाने असंच काहीतरी करावं. त्या वाटांवर तुझी गाडी म्हणून चालते. मी पट्टी घेऊन मोजायला बसले, तर पट्टी लागलीच नाही. तुझ्या गाडीच्या पोटाखाली माझी वीत आणि वर चार बोटं मावतात. क्रूझरच्या पोटाखाली वीतसुद्धा मावत नाही. दुसऱ्या वस्तीच्या आधीच तिचं पोट दगडावर बसेल.

ऑफिसच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुला टेबलावर घेते. आकडे भरायचे. सावलीतलं काम आहे, रंग तरी जरा उजळेल तुझा."

"आणि वस्त्यांवर कोण जाईल?"

"बघू."

बघू म्हणजे कुणीही नाही, हे मला तिथे दोन वर्षं काढल्यावर कळतं.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "पदवीधर, तुझं काम मोठं आहे. माझी मांडी काय, आज ना उद्या वळेल."

आई आतून म्हणाली, "वळेल, वळेल. सहा महिने झाले, वळतेच आहे."

मी एका कागदावर दोन रकाने केले. एकीकडे सात वस्त्या आणि तिथली माणसं, सहाशे बारा. दुसरीकडे बाबा. त्यांच्यापुढे मी 'एक' असा आकडा लिहिला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो कागद फाडून टाकला. फाडल्यावर तरी काही ठरलं असतं तर बरं झालं असतं. फॉर्म तुला पाठवला खरा, पण तोही मी 'आधी येऊ तर दे' अशा हिशेबाने पाठवला. तुझी सही येईपर्यंत मला ठरवावं लागणार नव्हतं.

शेवटी बाबांनीच तोड काढली. "रविवारी त्या चष्मेवाल्याला गाडी घेऊन बोलाव. आधी ऐकतो. इंजिन चांगलं असेल तर घ्यायची, नसेल तर विषय संपला."

म्हणजे आता इंजिन ठरवणार. मला खूप हलकं वाटलं.


२० जानेवारी

दादा,

फॉर्म मिळाला असेल तर सही करू नकोस. केली असेल तर पाठवू नकोस. फाडून टाक.

का ते सांगते.

बाबांची गाडी ऐकायची रीत तुला माहीत आहे. दारात खुर्ची, पाठ रस्त्याकडे, डोळे मिटलेले. मालकाने गाडी घेऊन पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. गाडी कोपऱ्यावर वळली की बाबांचा उजवा हात वर जातो, आपल्यापैकी कुणालाही काही ऐकू यायच्या आधी. मग ते एकेक दोष सांगत जातात. लहानपणी आपण दोघं गिरणीच्या भिंतीआड उभे राहायचो, त्यांचा हात चुकतो का बघायला. तो कधीच चुकला नाही.

गेली काही वर्षं आई खुर्चीच्या मागे उभी राहते, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मला वाटायचं, तू गेल्यापासून तिला त्यांची काळजी वाटते.

रविवारी चष्मेवाला आला. शिंपीकाका, त्यांची सून आणि आणखी दोघं-तिघं नेहमीसारखे गंमत बघायला जमले. तो गाडी घेऊन निघाला आणि नेमका आतून दूध करपल्याचा वास आला. आई आत धावली.

गाडी कोपऱ्यावर वळली. बाबांचा हात गुडघ्यावरच होता. गाडी जवळ आली. हात गुडघ्यावरच. ती त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर येऊन थांबली, इंजिन चालूच होतं, आणि बाबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून, लांबवरचं काही ऐकत असल्यासारखे बसून होते.

चष्मेवाल्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. "काका, आलो की मी!"

बाबा हलले नाहीत.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने पाहिलं आणि धावत येऊन खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. नुसता टेकला नाही, दोन बोटांनी दाबला. त्याच क्षणी बाबांचा हात वर गेला.

सगळे हसले. "काकांनी आज फिरकी घेतली राव!" शिंपीकाका म्हणाले. बाबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. मग तेही हसले आणि म्हणाले, "आवाज बारीक आहे. इंजिन कुणी उघडलेलं नाही. घ्यायला हरकत नाही."

दादा, मी तो आवाज ऐकला होता. ॲक्सिलरेटर सोडला की खालून ठक, ठक, ठक. जाड फडक्यावरून कुणी दारावर बोटांची पेरं वाजवावीत तसा. आतला क्रँकचा दांडा गेलेला आहे. चालत्या गाडीचं इंजिन एक दिवस आवळून बसेल आणि मागचं चाक जागच्या जागी थांबेल. चष्मेवाल्याला यातलं काही कळत नाही, तो बिचारा खरंच चांगली गाडी देतोय असं समजतो. आणि बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय पदवीधर, तुला काही ऐकू आलं?"

मी म्हणाले, "नाही बाबा."

नंतर आई करपलेलं भांडं घासत होती. तिच्या शेजारी बसून मी विचारलं, "कधीपासून?"

"कशाचं?"

"आई."

ती घासतच राहिली. मग म्हणाली, "तुझा दादा गेला त्याच्या आधीपासून. समोरून बोललेलं कळतं त्यांना. मागचं, लांबचं, बारीक असेल ते जातं. डॉक्टर म्हणाले, नस गेलीय, यंत्र लावा. हे म्हणाले, कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?"

"आणि तू खुणा करत होतीस? इतकी वर्षं?"

"गाडी वळली हे मला दिसतं. बिघाडाचं म्हणशील तर ते हात लावून बघतात, काय होतंय ते लोकच सांगतात, अनुभव आहे. चालतं. काही बंद पडलं नाही आपलं." मग भांडं पालथं घालत म्हणाली, "आणि तू त्यांना सांगायचं नाहीस. गॅरेज गेलं, पाय गेला. आता हे नको."

मी सांगणार नाही. मी चार वर्षांपूर्वीही सांगितलं नव्हतं.

हे मला तुला कधीतरी लिहायचंच होतं. त्या दिवशी दूधवाल्याची गाडी तपासताना तू त्याच्या देखत म्हणालास, "बाबा, पिस्टन वाजतोय, तुम्हाला ऐकू येत नाही का?" आणि बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली. मग ते माझ्याकडे वळले. मी परीक्षेचं पुस्तक घेऊन पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुला आला का आवाज?" मला आला होता. अगदी स्वच्छ. पण त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता, मी तसा कधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "नाही."

सगळे म्हणतात, तू बाबांनी मारलं म्हणून गेलास. पण गाडीची किल्ली खिडकीत ठेवताना तू त्यांच्याकडे पाहिलं नव्हतंस. माझ्याकडे पाहिलं होतंस.

आता माझं मागणं ऐक. तू नकार कळव. दोन ओळी लिही, 'गाडी माझी आहे, मी सही करणार नाही.' हवं तर उद्धटपणे लिही. बाबा दोन दिवस तुला शिव्या घालतील, अदलाबदल बारगळेल, आणि त्यांना काही ऐकू आलं नव्हतं हे कुणीच बोलायची वेळ येणार नाही. त्यांच्या लेखी तू वाईट आहेसच, आणखी थोडा हो. हे किती वाईट मागणं आहे ते मला कळतं. पण मला दुसरा रस्ता सापडत नाही. गाडी नको म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि त्याला कारण एकच आहे.

वरच्या वस्तीवर एक म्हातारी आहे. मला 'लालवाली' म्हणते. तिच्या विहिरीला मी तीनदा पट्टा मारला. तिसऱ्या वेळी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लालवाले, तू रंग लावून जातेस, तुझं बरं आहे. आम्ही प्यायचं कुठून, ते सांगून जा की." तेव्हापासून तुझ्याबद्दलही मला असंच वाटतं. तू खरं बोललास. आणि पट्टा मारून निघून गेलास. आम्ही इथे तेच पाणी पितो आहोत.

हे वाक्य लिहिल्यावर खोडणार होते. राहू देते.


२४ जानेवारी

दादा,

तुझं पाकीट आलं.

त्यावर शिक्का वीस तारखेचा आहे. म्हणजे मी 'सही करू नकोस' असं लिहीत होते, तेव्हा तू ते पेटीत टाकत होतास. चार वर्षांत तू घरचं एक काम केलंस आणि ते नेमकं हे.

पाकीट बाबांच्या हाती पडलं, ते दारातच बसलेले असतात. माझं अक्षर पाहून म्हणाले, "काय गं, स्वतःलाच पत्रं लिहायला लागलीस की काय?" आणि उघडलं. मी आतून येईपर्यंत फॉर्म त्यांच्या मांडीवर उलगडलेला होता.

पत्र नव्हतं. नुसत्या दोन सह्या. माझ्या पेन्सिलीच्या फुल्या तू खोडरबराने पुसल्या होत्यास, जराही डाग न ठेवता. बाबा एका सहीवर अंगठा ठेवून बसले होते.

"शेपूट अजून तशीच काढतो," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अगं, इकडे ये! हे बघ! त्याने सही पाठवली!"

आई आली. तिने फॉर्म हातात घेतला, उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून, आणि परत दिला. बाबांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. स्वतः दाढी केली. काठी घेतली आणि कुणालाही बरोबर न घेता बाजारापर्यंत चालत गेले. पडल्यापासून पहिल्यांदा. वाटेत शिंपीकाकांना म्हणाले, पंक्चरवाल्याला म्हणाले, "मुलाने सही पाठवली." अदलाबदल झाली असं नाही. गाडी मिळणार असंही नाही. मुलाने सही पाठवली.

मी मागून धावत जाऊ शकले असते. एक वाक्य होतं. मी दारात उभी राहून ते मनात तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं, आणि तोवर ते कोपऱ्यावर वळले.

दुपारी चष्मेवाल्याचा मुलगा तुझी गाडी घेऊन गेला. सीटखालची तुझी पाना-पेटी मी काढून ठेवली आहे.

माझं आधीचं पत्र तुला आज मिळालं असेल. आता काही करू नकोस. करण्यासारखं काही उरलं नाही.


३ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. चार शब्दांचं. 'दोन बोटं क्लचवर ठेव.'

ठेवते. पहिल्या दिवसापासून ठेवते आहे, मलाही बाबांनीच शिकवलं होतं. इंजिनवर भरवसा नसेल तर दोन बोटं सतत क्लचवर, म्हणजे आवळलं तरी त्या क्षणी चाक मोकळं करता येतं. तीसच्या वर जात नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, एकाने तर विचारलं, "ताई, वरात आहे का?"

पंक्चरवाल्याकडे मी गुपचूप गाडी नेली होती. त्याने इंजिनला पाना टेकवून त्याला कान लावला आणि मान हलवली. "सगळं खोलावं लागेल. चार दिवस तरी." मग म्हणाला, "चार दिवस गाडी कुठे होती, हे घरी काय सांगणार? आणि त्यांच्या पोरीची गाडी माझ्याकडे उघडलेली कुणी पाहिली तर?" मी परत घेऊन आले.

टेबलावर बसते. इतरांनी आणलेले आकडे भरते. वरच्या सात वस्त्यांच्या ओळीत आडवी रेघ मारायची असते, नमुना आला नाही या अर्थाची. सव्वा महिन्यात मी बऱ्याच रेघा मारल्या. परवा त्या म्हातारीने खालच्या बाजाराला आलेल्या कुणाकडून तरी निरोप पाठवला, 'लालवालीला म्हणावं, पट्टा पुसट झालाय. पाणी चांगलं झालं असं समजू का?' मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू.

तुझी गाडी दोनदा दिसली. चांगली ठेवली आहे त्यांनी.

आता एक चांगली गोष्ट. बाबांचा पाय सुटतो आहे. एकही दिवस चुकलेला नाही. क्रूझरवर ते काठी माझ्या हातात देऊन स्वतःचे स्वतः बसतात, सीटच तेवढी खाली आहे. दोन विटांच्या साडेतीन विटा झाल्या. दवाखान्यातल्या बाई काल म्हणाल्या, "काका, तुम्ही घरीही चोरून व्यायाम करता. मांडीत चांगला जोर आलाय." बाबा नुसते हसले. घरी ते व्यायाम करत नाहीत. आई रोज कटकट करते आणि ते रोज उद्यावर ढकलतात. मला प्रश्न पडला, मग जोर आला कुठून.

त्याचं उत्तर आज सकाळी मिळालं.

मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो होतो. बाजूला फर्निचरच्या दुकानाची मोठी काच आहे. तीत आम्ही दोघं पूर्ण दिसत होतो, बुटकी गाडी, पुढे मी, मागे बाबा. त्यांचे पाय गाडीच्या पायऱ्यांवर नव्हते. दोन्ही पाय त्यांनी पायऱ्यांच्या वर, चार बोटं अंतरावर उचलून धरले होते. उजवा थरथरत होता. कपाळावर घाम होता. मग मी मागचे दिवस आठवून पाहिले. बसताना पाय ठेवतात. गाडी चालू झाली की माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड होतो. ते दवाखान्यापर्यंत पाय असेच उचलून धरतात आणि येतानाही.

तुला सांगायला नको, दादा. कान गेले असतील, पण चाळीस वर्षं इंजिनं हाताखालून गेलेल्या माणसाच्या तळपायाला ती ठकठक कळणारच. पहिल्याच दिवशी कळली असणार. आणि कळली म्हटलं की गाडी परत करावी लागेल, तुझ्या सह्यांचा तो कागद रद्द होईल. म्हणून ते पाय टेकवतच नाहीत, कळायलाच नको.

मी काचेत बघत होते आणि काचेतून ते बघत होते. माझ्या पायांकडे नाही, चेहऱ्याकडे नाही. डाव्या हाताकडे. क्लचवरच्या दोन बोटांकडे.

मग ते माझ्या कानाशी वाकले आणि ऐकू न येणाऱ्या माणसासारखे जरा मोठ्याने म्हणाले, "घड्याळासारखी चालते, नाही?"

मी मान मागे वळवली, त्यांना माझे ओठ दिसावेत इतकी. "हो बाबा."

सिग्नल सुटला. त्यांनी पाय तसेच उचलून धरले, मी बोटं तशीच ठेवली, आणि आम्ही हळूहळू पुढे निघालो.